बर्डी टँडीला न विचारायचा प्रश्न

न्यू यॉर्क
१४ नोव्हेंबर १९५३

प्रिय ओपल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे सरळ चुलीत घातलं नसशील तर पुढे वाच. परत येऊ का असं विचारत नाही, माफीही मागत नाही. काडीमोड झाल्यावर माणसाने बायकोला कामाखेरीज लिहू नये एवढं मला कळतं. हे कामाचंच आहे.

बर्डी टँडी आठवते का? सदतीसच्या पुरात आपण दोघं रेडिओ स्टेशनवर अडकलो होतो, तू टेलिफोनवर आणि मी मायक्रोफोनवर. लोक जिथून जमेल तिथून फोन करायचे, तू चिठ्ठीवर उतरवून घ्यायचीस, मी वाचायचो आणि होडीवाले ऐकून तिकडे वळायचे. 'लाकडाच्या वखारीमागे, पांढरं घर, छपरावर माणसं, होडी पाठवा.' ते पांढरं घर टँडींचं.

या टँडीबाईंचं मला पत्र आलंय. मला म्हणजे माझ्या कार्यक्रमाला. त्यांच्या नवऱ्याच्या, हॉबर्टच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशन परवडण्यासारखं नाही. शेवटी लिहिलंय, 'तुम्ही होडी पाठवलीत म्हणून आम्ही आहोत, म्हणून तुम्हालाच सांगते. पण स्टेशनवरच्या ओपलबाई जा म्हणाल्या तरच येईन. टीव्हीवाल्यांचं मला काही माहीत नाही.'

म्हणजे माझ्या चांगुलपणाला जामीन तू. बघ काय वेळ आली.

कार्यक्रम कसला आहे ते आपल्या पडूका गावातल्या कुणीतरी तुला सांगितलंच असेल. नाव 'हात द्या'. तीन गरजू माणसं येऊन बसतात, मी त्यांना बोलतं करतो, ती आपापलं दुःख सांगतात आणि समोरचे प्रेक्षक टाळ्या वाजवतात. टाळ्यांचा आवाज मोजणारं एक यंत्र आहे, त्याचा काटा ज्याच्यासाठी सगळ्यांत पुढे जाईल त्याची मागणी पुरी. उरलेल्या दोघांना ल्युमा साबणाची एकेक पेटी, कारण कार्यक्रमाचे पैसे ल्युमावाल्यांचे. पुरात गळा फाटेपर्यंत होड्या मागणारा माणूस आता हे करतो. टीव्ही आल्यावर बातम्यांना चेहरा लागायला लागला, आणि माझा चेहरा बातमीचा नाही, सांत्वनाचा आहे असं वरच्यांनी ठरवून टाकलं. मी निघालो तेव्हा तू दारात उभी राहून म्हणाली होतीस, "साबण विकायला चाललास ना? जा. फेस काढायला तुला कुणी शिकवायला नको." तेव्हा साबणाचा काही संबंध नव्हता. तुला कसं कळलं कोण जाणे.

पण ऑपरेशन खरंखुरं होतं, ओपल. माणसांना खरोखर दिसायला लागतं, चालता येतं. टँडीबाईंना जा म्हण. मी त्यांना नीट सांभाळून घेईन. हे तुला लिहून देतो.

व्हर्जिल


न्यू यॉर्क
११ डिसेंबर १९५३

प्रिय ओपल,

टँडीबाईंना तू पाठवलंस त्याबद्दल आभार मानायला बसलोय. काल कार्यक्रम झाला आणि त्या जिंकल्या. साध्यासुध्या नाही जिंकल्या, काटा आखलेल्या रेघांच्या पार जाऊन तिथेच थरथरत राहिला. असं आजवर कधी झालं नव्हतं. साबणवाले लुईव्हिलच्या चांगल्या सर्जनकडून हॉबर्टचे दोन्ही डोळे करून घेणार आहेत. म्हणजे ज्यासाठी त्या आल्या होत्या ते मिळालं.

बाई अजून तशाच आहेत. मला घरच्या ज्वारीच्या काकवीची बरणी आणली होती, स्वेटरात गुंडाळून, आगगाडीभर मांडीवर धरून. इथे कुणाला काकवी म्हणजे काय तेही ठाऊक नाही. मेकअपवाल्या मुलीने बरणी हातात घेऊन विचारलं, "हे खायचं की लावायचं?" टँडीबाई म्हणाल्या, "लाव गं बाई, तुला फार गरज आहे गोडव्याची."

तुमच्याकडे टीव्हीचं चित्र दिसतं का आता? कॅरिंग्टनने दुकानावर अँटेनाचा भलामोठा खांब उभारलाय, इव्हान्सव्हिलचं केंद्र कसंबसं धरतो, असं त्या म्हणत होत्या. चित्रापेक्षा आवाज बरा येतो म्हणे. काल दुकानात बरीच गर्दी होती का? हॉबर्ट आला होता का? मध्येच उठून गेला, असं काही झालं का? सहज विचारतो. कानावर आलं तर कळव.

टँडीबाई निघताना माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. दमल्या असतील. मी हात पुढे केला, पण त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

एकच पिशवी होती खरं म्हणजे.

कार्यक्रमाबद्दल कुणी काही बोललं तर एवढं लक्षात ठेव की थेट प्रक्षेपणात शब्द तोंडातून सुटतात. तुझ्याइतकं हे कुणाला माहीत?

व्हर्जिल


न्यू यॉर्क
४ जानेवारी १९५४

प्रिय ओपल,

तुझं कार्ड मिळालं. नववर्षाच्या शुभेच्छा नाहीत, सही नाही, एकच ओळ. 'तिने नको म्हणून सांगितलं होतं की नव्हतं?'

सांगितलं होतं.

मेकअपच्या खोलीत आम्ही दोघं आणि ती मेकअपवाली मुलगी होतो. त्या टोपी मांडीवर घेऊन बसलेल्या. पावडरचा पफ जवळ आला की मान मागे घ्यायच्या.

"मिस्टर व्हर्जिल, पावडर नको हो. चर्चमधली माणसं बघणार आहेत."

"थोडीशी लावा टँडीबाई, नाहीतर पडद्यावर भुतासारख्या दिसाल."

"दिसू दे. ज्याला मी बरी दिसायला हवी त्याला तसंही काही दिसत नाही."

आम्ही हसलो. मग त्यांनी मुलीला बाहेर पाठवायला लावलं आणि म्हणाल्या, "एक गोष्ट सांगते. तुम्ही होडी पाठवलीत म्हणून सांगते, आणि विचारू नका म्हणून सांगते. माझ्या लोरीनचा विषय काढू नका."

लोरीन त्यांची मुलगी, पुरात गेली तेव्हा सहा वर्षांची. आपल्या गावाला एवढंच ठाऊक होतं की छपरावर वाहत आलेला ओंडका आदळला आणि पोर वाहून गेली. हॉबर्टलाही तेवढंच ठाऊक होतं. खरं असं होतं की हॉबर्टने एका हाताने धुराडं धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने लोरीनला. थंडीने आणि जागरणाने त्याला क्षणभर ग्लानी आली, हात सैल पडला आणि ती घसरली. टँडीबाई छपराच्या दुसऱ्या बाजूला होत्या. त्यांनी पाहिलं, पण पोचता आलं नाही. तो जागा झाला तेव्हा त्यांनी ओंडक्याची गोष्ट सांगितली. जागच्या जागी रचून.

"तेव्हापासून तो देवाला शिव्या देतो," त्या मला म्हणाल्या. "रोज. जेवणाच्या प्रार्थनेलासुद्धा मान खाली घालत नाही. देऊ दे. देवाला सोसतं. स्वतःला द्यायला लागला तर हा माणूस जगायचा नाही. तो कॅरिंग्टनच्या दुकानात ऐकत बसणार आहे, मिस्टर व्हर्जिल. म्हणून आधीच सांगून ठेवते."

मी म्हटलं, "निश्चिंत राहा." हेच शब्द.

आता पुढचं ऐक. त्यांच्याआधीचे दोघे जोरात झाले होते. पाय गेलेला एक खलाशी आणि चार पोरांची एक विधवा. टँडीबाई मात्र मुळातच रूक्ष. "नवऱ्याला दिसत नाही. ऑपरेशन करायचंय. एवढंच." आपल्याकडची माणसं अशीच बोलतात, पण इथल्या लोकांना तो कोरडेपणा वाटतो. मी पुराबद्दल विचारलं. म्हणाल्या, "पाणी फार होतं." आणि गप्प.

ओपल, तू स्वतः रेडिओवर काम केलेलं आहेस. प्रक्षेपणात शांतता पडली की काय होतं ते तुला माहीत आहे. ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं, केंद्र बंद पडलं, आणि तो बटण फिरवतो. शांतता पडू देणं हे आपल्या धंद्यातलं पाप. मला ते पाप तूच करू दिलं नाहीस कधी, काचेपलीकडून वही हलवायचीस. इतक्या वर्षांची सवय आहे ही, जिभेला लागलेली. टँडीबाई गप्प झाल्या आणि माझ्या तोंडातून ती शांतता बुजवायला जे हाताशी होतं ते बाहेर पडलं. "छपरावर तुमची लोरीनही होती ना?"

असं झालं ते. सवयीने झालं. मला त्याची लाज वाटते, पण ते सवयीने झालं.

व्हर्जिल


न्यू यॉर्क
९ फेब्रुवारी १९५४

ओपल,

तुझं पत्र चार दिवस कोटाच्या खिशात घेऊन फिरतोय. या वेळी तू भरभरून लिहिलंस. एवढं लिहायला माझ्याबद्दल किती राग लागला असेल.

हॉबर्टला स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलीस ते बरं केलंस. नाही, बरं कसलं. तो उजवा हात खिशात घालून बसतो, डाव्या हाताने जेवतो, दार डाव्या हाताने उघडतो आणि टँडीबाईंनी चहाचा कप पुढे केला तर टेबलावर ठेव म्हणतो. हे वाचल्यापासून मी माझ्याच हाताकडे बघत बसतो. इथल्या लोकांना वाटतं मला संधिवात झालाय.

आणि त्या दोघांचं बोलणं तू जसंच्या तसं लिहिलंस. तो म्हणाला, "म्हणजे सोळा वर्षं तू मला खोटं सांगत होतीस?" त्या म्हणाल्या, "हो." आणि तो म्हणाला, "मग तसंच सांगत राहायचं होतंस, बर्डी."

हे वाचून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. दुसरं काय करणार?

शेवटी तू तुझा मुद्दा काढलास. तू नेहमी शेवटीच काढतेस. 'नाव सवयीने सुटलं असं धरून चालू. पण मग ती बोलेना तेव्हा तू पुढचा प्रश्न विचारलास. "त्या वेळी हॉबर्ट काय करत होता?" मी स्वतः ऐकलाय. तोही सवयीनेच का?'

नाही.

आणि पहिलाही सवयीने नव्हता. आता सांगूनच टाकतो. मेकअपच्या खोलीतून निघालो तो मी सरळ आमच्या दिग्दर्शकाकडे गेलो. कॉस्टिगन त्याचं नाव. त्याला म्हटलं, "ती पडूकाची बाई आहे ना, तिला शेवटी ठेव. मी पुराचं विचारल्यावर दुसरा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलवू नकोस. काही झालं तरी." त्याने विचारलं, "काय होणार आहे?" मी म्हटलं, "बघशील."

शांतता पडलीच नव्हती, ओपल. तीन सेकंदंसुद्धा नाही. मी वाटही पाहिली नाही.

टँडीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण ज्याच्या भरवशावर बसलो तो माणूस भलतंच बोलतोय, आपल्या ऐकण्यात काही चूक तर नाही ना, असं पाहिलं. त्या उठून जाऊ शकल्या असत्या. खोटं बोलू शकल्या असत्या, सोळा वर्षं बोलल्याच होत्या. पण ज्याने आपला जीव वाचवला त्याने चारचौघांत सरळ विचारलं तर टाळायचं नाही, खोटं तर मुळीच सांगायचं नाही, ही आपल्या नदीकाठची रीत. मला ती रीत ठाऊक होती. न्यू यॉर्कमधल्या दुसऱ्या कुठल्याही सूत्रधाराला ती ठाऊक नसती, आणि त्याला उत्तर मिळालं नसतं. मी पडूकाचा म्हणून मला मिळालं.

तू विचारशील का केलंस. कार्यक्रम खाली चालला होता, वसंतात करार संपतोय, हे सगळं आहेच, आणि हे कारण असतं तर मला हलकं वाटलं असतं. पण त्या खोलीत त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला तो दुःखाने नाही. मला आनंद झाला. वर्षानुवर्षं कपडे धुवायच्या यंत्रांसाठी रडणारी माणसं समोर बसवल्यावर अचानक खरी बातमी हातात आली होती. कुठे बोट ठेवलं की काय उघडेल ते मला स्पष्ट दिसत होतं. साबण विकणाऱ्याने तो प्रश्न विचारला असं तू समजू नकोस. ज्याच्याशी तू लग्न केलंस त्या बातमीदाराने विचारला. मला वाटायचं तो चांगला होता आणि हा वाईट आहे. दोघे एकच निघाले.

टँडीबाई माझ्याबद्दल काय म्हणतात ते तू लिहिलं नाहीस. लिहू नकोस.

व्हर्जिल


न्यू यॉर्क
२७ मार्च १९५४

ओपल,

ऑपरेशन व्यवस्थित झाल्याचं सर्जनने कळवलं. हॉबर्ट आधी नको म्हणत होता, 'मला आता बघून काय करायचंय' असं, आणि टँडीबाईंनी त्याला अक्षरशः गाडीत ढकललं, हे तू लिहिलंस तेव्हा मला जरा बरं वाटलं. निदान ढकलाढकली तरी चालू आहे.

पण आता दुसरंच सुरू झालंय आणि ते तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

मोतीबिंदू काढल्यावर जाड भिंगांचा चष्मा लागतो, त्याशिवाय नीट दिसत नाही. साबणवाल्यांनी सर्जनकडून नंबर मागवून घेतला आणि चष्मा इथेच करवून घेतला. तो कॉस्टिगनच्या टेबलाच्या खणात आहे. हॉबर्टला इथे आणायचं, रंगमंचावर बसवायचं, मी माझ्या हाताने त्याला चष्मा घालायचा आणि समोर टँडीबाईंना उभं करायचं. इतक्या वर्षांनी बायकोचा चेहरा, थेट प्रक्षेपणात. आणि मग, कॉस्टिगन म्हणतो, "मग तू तुझ्या पद्धतीने पोरीचं विचार. या वेळी त्याच्या तोंडून."

हॉबर्ट येणार नाही याची मला खात्री होती, म्हणून मी म्हटलं, मीच फोन करतो. मला वाटलं तो शिव्या देईल आणि विषय मिटेल. त्या शिव्यांची मी वाटही पाहत होतो.

"मिस्टर व्हर्जिल? बोला की! तुमचा आवाज केव्हाही ओळखेन मी."

"हॉबर्ट, हे लोक तुला इकडे बोलवायचं म्हणतायत. तुझी इच्छा नसेल तर—"

"येतो ना."

"अरे, नीट ऐकून तर घे."

"ऐकायचं काय त्यात? तुम्ही होडी पाठवलीत. तुम्ही बोलावलंत आणि मी नाही म्हणेन? आणि मलाही बोलायचंय. माझं ओझं बर्डीने सोळा वर्षं वाहिलं. ज्यांच्यासमोर तिला ते बोलावं लागलं त्यांच्यासमोर मी सांगतो, हात माझाच होता म्हणून. तुम्ही मला सरळ विचारा. लाजू नका."

मागून टँडीबाईंचा आवाज आला, "कोण आहे?" तो म्हणाला, "मिस्टर व्हर्जिल." मग भांडं आपटल्याचा आवाज आला. तो हळूच मला म्हणाला, "ती नको म्हणते. तुमच्यावर तिचा का राग आहे कळत नाही. मी तिला म्हटलं, त्या बिचाऱ्याला काय माहीत होतं, त्याने आपलं सहज विचारलं."

म्हणजे त्यांनी त्याला सांगितलंच नाही, की मला नको म्हणून बजावलं होतं. हे तुला ठाऊक होतं ना? मागच्या पत्रात तू एक वाक्य लिहिलं होतंस आणि मला तेव्हा ते समजलं नव्हतं. 'बर्डी म्हणते, हॉबर्टने चांगलं म्हणावं असा आता एकच माणूस उरलाय, तोही कशाला काढून घेऊ.' मला वाटलं पाद्रीबोवांबद्दल असेल. ते माझ्याबद्दल होतं.

मी फोनवर काय म्हणालो ते विचार. म्हणालो, "ये, हॉबर्ट. आम्ही वाट बघतो."

तू म्हणशील बोलाव, पण विचारू नकोस. ओपल, तो समोर बसला की मी विचारीन. मी मनाशी कितीही ठरवलं तरी विचारीन, आणि इतक्या हळुवार आवाजात विचारीन की अर्धा देश रडेल आणि मला वाटेल मी त्याचं भलंच करतोय. मला मी आता ओळखतो. एप्रिलच्या मध्यावर त्याला गाडीत बसवणार आहेत.

व्हर्जिल


न्यू यॉर्क
५ एप्रिल १९५४

ओपल,

पार्सल जपून उघड. आत कापसात चष्मा आहे. कॉस्टिगन जेवायला गेला होता, खणाला कुलूप नव्हतं. चोरी म्हण हवं तर, पण चष्मा ज्याचा आहे त्यालाच जातोय.

राजीनामा दिलास का, असं तू विचारशील. दिलेला नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. चष्म्याचं कळल्यावर हे लोक स्वतःच मला हाकलतील आणि मला ते धैर्य दाखवावं लागणार नाही, अशी आशा आहे. तुझ्यापाशी आता मोठेपणा मिरवून काय उपयोग?

सोबत हॉबर्टला चिठ्ठी आहे. टँडीबाईंनी मला त्याच्यासाठी चांगला ठेवलाय, पण मी तसा राहिलो तर तो गाडीत बसेल. म्हणून हे करतोय. आधी टँडीबाईंना विचार. त्या नको म्हणाल्या तर चिठ्ठी फाडून टाक आणि त्याला दुसऱ्या कशाने तरी अडव. या वेळी त्यांचं ऐकायचं.

त्या हो म्हणाल्या तर चष्मा त्याला घाल आणि चिठ्ठी त्याच्या हातात दे. तू वाचून दाखवू नकोस. तुझ्या आवाजात ऐकून त्याला ती बरी वाटेल. त्याची त्याला वाचू दे, कितीही वेळ लागला तरी.

व्हर्जिल


हॉबर्ट,

अक्षर मोठं काढलंय. घाई करू नकोस.

हा चष्मा तुझा आहे. तो घ्यायला कुठे यायचं नाही, कुणाला काही बोलून दाखवायचं नाही. न्यू यॉर्कला येऊ नकोस.

तू मला म्हणालास, 'त्या बिचाऱ्याला काय माहीत होतं.' मला माहीत होतं. कार्यक्रमाच्या आधी बर्डीबाईंनी मला सगळं सांगितलं आणि लोरीनचा विषय काढू नका असं बजावलं. मी निश्चिंत राहा म्हणालो. मग आत जाऊन कॅमेरा कुठे धरायचा ते सांगून आलो आणि तोच विषय काढला. सहज नाही. टाळ्या जास्त पडाव्यात म्हणून.

त्या तुला हे सांगणार नव्हत्या. कारण मी चांगला आहे असं तुला वाटतं, आणि तेवढं तरी तुझ्याकडे राहू द्यावं असं त्यांना वाटलं.

तुझा हात थंडीने बधिर होऊन सुटला. मी चांगला उबेत बसून, नीट विचार करून सोडला. मला भेटून तुला हलकं वाटेल असं समजत असशील, तर ते मनातून काढून टाक. मी तुला सगळ्यांसमोर रडवीन आणि नंतर साबणाची जाहिरात वाचीन.

बर्डीबाई तुला वाचवायला सोळा वर्षं खोटं बोलल्या. मी एक काटा हलवायला त्यांच्याकडून खरं काढून घेतलं. चांगलं माणूस शोधत तुला इतक्या लांब यायला नको. चष्मा लावलाच आहेस, आता या कागदावरून नजर उचल.

व्हर्जिल प्रुएट